चार नंबरचा बर्फ

१

उभी हयात मी पाटबंधारे खात्यात कारकुनी केली. धरणं, कालवे आणि चाऱ्या यांच्याबद्दल इतकं लिहिलं की ते सगळं खरोखर वाहिलं असतं तर अर्धा जिल्हा भिजला असता. प्रत्यक्षात मी ऑफिसच्या माठातलं पाणी तेवढं पाहिलं. निवृत्त झाल्यावर वाचनालयात बसावं, पंख्याखालची खुर्ची धरावी आणि जगाला नावं ठेवत शांतपणे म्हातारं व्हावं, असा माझा बेत होता. तो माझ्या जावयाने मोडला.

जावयाचं नाव स्वराज. पिंपळगाव बसवंतला हायवेलगत त्याचं कोल्ड स्टोरेज आहे. आमच्या घराण्यात फुलं आणि भाजीपाला पिकवायची रीत. सकाळी तोडलेला माल संध्याकाळी विकून किंवा गाईला घालून आम्ही मोकळे होत असू. हा गृहस्थ मटाराला वर्षभर मरू देत नाही आणि त्याबद्दल लोकांकडून भाडं घेतो. शिवाय स्वतःला उद्योजक म्हणवतो. उजव्या हातात पुष्कराजाची अंगठी आहे. ती बोरापेक्षा मोठी आणि सुपारीपेक्षा लहान. ती घातल्यापासून धंदा वाढला, असं त्याचं म्हणणं.

माझ्या मुलीला, प्रतिभाला, तो आवडतो. यावर मी पुष्कळ विचार केला आहे आणि काही हाती लागलेलं नाही.

तिनेच मला तिथे पाठवलं. "नाना, तुम्ही फक्त त्यांच्यावर लक्ष ठेवा. थंडीच्या खोल्यांत एकटेच शिरतात, कुणाचं ऐकत नाहीत. एक दिवस आत अडकतील, मग मी काय करू?"

"तू मोकळी होशील," असं माझ्या जिभेवर आलं होतं. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून गिळलं. तेव्हापासून रोज सकाळी नाशिकहून बस, आडगाव, ओझर, मग पिंपळगाव. माझं काम म्हणजे ऑफिसात बसणं आणि जावयाला मरू न देणं.

आता चार नंबरबद्दल. तिथे चार खोल्या आहेत. तीन खोल्यांत मटार, मक्याचे दाणे आणि आंब्याचा गर गोठून पडलेला असतो. हवा गार करणाऱ्या नळ्यांवर भुरभुरीत पांढरा बर्फ साचतो. तो वितळवायला यंत्रातच हीटर असतो. स्वराजने तो बंद करून टाकला. "फ्रीजरमध्ये हीटर? मामा, ही वीज कंपनीची लबाडी आहे." म्हणून कामगार तो बर्फ खरवडतात. खरवडलेला बर्फ चार नंबरमध्ये टाकतात, कारण ती खोली रिकामी आहे. तिच्या यंत्राचे पैसे स्वराजच्या काचेच्या केबिनमध्ये गेले. तीन बाजूंनी गोठलेल्या खोल्या असल्यामुळे चार नंबरमध्ये यंत्राशिवायही काही वितळत नाही. हे लक्षात आल्यावर त्याला आपण शोध लावल्यासारखं वाटलं. तो त्या ढिगाला 'बॅकअप' म्हणतो.

वाचनालयात एका उन्हाळ्यात मी हिमनद्यांवर बरंच वाचलं होतं. नाशिकच्या माणसाला त्याची जेवढी गरज, तेवढंच ते लक्षात राहिलं, म्हणजे सगळं. बर्फ किती पडतो याला महत्त्व नाही. तो उन्हाळ्यात वितळत नाही, याला आहे. उरलेल्यावर नवा पडतो, त्यावर आणखी. खालच्या थरातली हवा दबून निघून जाते, भुरभुरीत बर्फाचे दाणे होतात, दाण्यांचा दगडासारखा निळा बर्फ होतो आणि पुरेसा जाड झाला की तो आपल्याच वजनाने सरकू लागतो. याला हिमालय लागतो असा माझा समज होता. वरून टाकत राहणारा आणि खालून कधीच न काढणारा एक माणूस असला की पुरतं.

२

बर्फ खरवडायचं काम वाळू नावाचा कामगार करतो. तो सुरगाण्याकडचा. द्राक्षाच्या हंगामाला म्हणून उतरला आणि बायकोसह इथेच राहिला. बायको अक्काबाई झाडलोट करते आणि चहा करते. चहा वाईट करते, पण मनापासून.

संक्रांतीच्या सुमारास वाळू ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला.

"भाऊसाहेब, जरा चार नंबरला येता का? लाईन वाकडी झाली."

दसऱ्याला त्याने बर्फाच्या ढिगावर माल भरायच्या फुटक्या प्लास्टिक कॅरेटची एक रांग लावली होती, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. त्यामागेच बर्फ टाकायचा, पुढे नाही, अशी खूण. मी पाहिलं. कडेची कॅरेट जवळपास जागेवरच होती. मधली बरीच पुढे, दाराकडे आली होती. सबंध रांग ताणलेल्या धनुष्यासारखी झाली होती.

"मी दोरी लावून सरळ लावली होती," वाळू म्हणाला.

"मग तुझी दोरी वाकडी असेल."

"ताणल्यावर दोरी वाकडी कशी असल, भाऊसाहेब?"

मी त्याला कामाला जायला सांगितलं. कॅरेट बर्फात पक्की रुतली होती. कुणी ढकलली म्हणावं तर मागे ओरखडा नव्हता. नदी मधोमध वेगाने वाहते आणि काठाला रेंगाळते, बर्फाचीही तशीच, हे मी वाचलं होतं. पण ते वाचताना माझ्यासमोर आल्प्स पर्वत होता. पिंपळगावचं पत्र्याचं शेड नव्हतं.

स्वराजला सांगितलं. त्याने मोबाइलवरून मान वर केली नाही.

"फ्लोअरला स्लोप आहे, मामा. पाणी दाराकडे यावं म्हणून ठेवलाय."

"पाणी यावं हे ठीक. बर्फ का येतोय?"

"तोही पाणीच ना शेवटी!"

उत्तर बरोबर होतं. या माणसाने चुकून दिलेलं बरोबर उत्तर ऐकण्याइतकं त्रासदायक काही नसतं.

३

त्यानंतर मी स्वेटर चढवून रोज चार नंबरमध्ये डोकवायला लागलो. कुतूहल म्हणून, असं मी स्वतःला सांगत असे.

बर्फ दारापासून मागे चढत गेला होता. पुढची कड माणसाच्या उंचीची, खाली निळी, वर मळकट. मधल्या थरांत काळ्या रेघा दिसत. हायवेची धूळ होती ती. रेघा सरळ नव्हत्या. पीठ मळताना पडतात तशा घड्या पडल्या होत्या. त्या कडेच्या पुढ्यात फरशीवर चुरा साठला होता. सिमेंटची पूड, खडी, लोखंडाचा वाकलेला एक तुकडा. हिमनदी जमीन खरवडून जे पुढे ढकलत आणते त्या ढिगाला हिमोढ म्हणतात. शब्द माझ्या मनात आला आणि मी स्वतःलाच हसलो. वाकून पाहिलं तर उघड्या फरशीवर ओरखडे होते, खोल, एकमेकांना समांतर, सगळे दाराच्या दिशेने.

"ट्रॉलीचे आहेत," स्वराज म्हणाला. ट्रॉलीला रबराची चाकं आहेत.

एकदा वाळू शेडच्या सावलीत विळ्याला धार लावत बसला होता. हातातला दगड पांढुरका होता, त्यात बारीक चकाकी होती. एक बाजू तासल्यासारखी सपाट.

"हा कुठून आणलास?"

"चार नंबरच्या ढिगातून. लय झ्याक धार येते."

"असला दगड तुमच्याकडे असतो?"

"नाय. तिकडं बी काळाच. सगळीकडं काळाच हाय की."

ते खरं होतं. आपल्याकडे डोंगर खणा, विहीर खणा, काळ्या दगडाखाली काळाच दगड लागतो. मग मी विचार केला, एखाद्या ट्रकच्या टायरमध्ये अडकून आला असेल. राजस्थानचे ट्रक येतात. आणि टायरमधून तो गोठलेल्या बर्फाच्या तळाशी गेला असेल, कारण दगडांना थंडी आवडते. मी मोठ्याने हसलो. वाळूही हसला. त्याला वाटलं मी त्याच्या विळ्याला हसतोय.

आवाजही होता. दार सरकवून आत उभं राहिलं की आधी फक्त शेजारच्या खोल्यांच्या यंत्रांची घरघर ऐकू येई. मग तिच्याखाली दुसरं काहीतरी. वरच्या मजल्यावर कुणीतरी जड कपाट ओढतंय, दोन बोटं सरकवतंय आणि थांबतंय, तसं. कोल्ड स्टोरेजला वरचा मजला नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची तर सांगतो. बाहेरून ती खोली मी कितीदा तरी वळसा घालून पाहिली आहे. लग्नाचा मध्यम हॉल निम्मा केला तर होईल एवढी. पण आतून, टॉर्च बर्फाच्या पाठीवरून मागे टाकला, तर मागची भिंत दिसत नव्हती. उजेड चढत जाई, निळसर होई आणि संपे. मी ठरवलं की टॉर्चचे सेल उतरलेत. नवे सेल मात्र घातले नाहीत.

४

अक्काबाईने कडेपुढचा तो चुऱ्याचा ढीग झाडायला घेतला तो माघ संपतानाचा दिवस. ती पदराच्या टोकात काहीतरी धरून माझ्या टेबलापाशी आली.

"भाऊसाहेब, सायबांची अंगठी पडली वाटतं. खडीत सापडली."

तिने पदर सोडला. पुष्कराजाची अंगठी. सोनं चेपून लंबवर्तुळ झालं होतं, खडा मधून तडकला होता. आत कोरलेलं नाव अजून वाचता येत होतं. प्रतिभा.

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. धंदा वाढवणारी अंगठी कचऱ्यात सापडली यावर निदान महिनाभर बोलता आलं असतं. मी ती मुठीत घेऊन केबिनकडे गेलो. काचेआड स्वराज फोनवर कुणालातरी झापत होता. बोलताना टेबलावर बोटं आपटायची त्याला सवय आहे. टक, टक, टक. अंगठी त्याच्या बोटात होती. अख्खी.

मी तसाच परत फिरलो.

उभ्या आयुष्यात माझी एका गोष्टीवर श्रद्धा होती, ती म्हणजे आधी आवक, मग जावक. जे आलंच नाही ते बाहेर जाऊ शकत नाही. हिमनदी पोटात घेतलेलं परत देते, हेही मी वाचलं होतं. वर भेगेत पडलेला गिर्यारोहक पुढच्या पिढीत खाली पायथ्याशी निघतो, अंगावरच्या कपड्यांसकट. पण आधी पडतो. एवढी शिस्त बर्फालाही असते.

संध्याकाळी प्रतिभाला फोन केला.

"त्यांच्या अंगठ्या तू दोन केल्या होत्यास का गं?"

"नाही नाना, एकच. का हो?"

"सहज."

"तुम्ही सहज काही विचारत नाही. ते आत जातात का एकटे?"

"मी आहे ना," मी म्हटलं. आणि बस सुटतेय असं सांगून फोन ठेवला. बस समोरच उभी होती.

५

मी सरळ स्वराजला सांगायचं ठरवलं. हे सोपं नव्हतं. लग्नापासून मी त्याच्याशी एकही वाक्य सरळ बोललेलो नाही.

"स्वराजराव, चार नंबरचं दार उघडं टाका. चैत्र येतोय. ऊन आत जाऊ द्या, वितळून जाऊ दे सगळं. तोपर्यंत तुम्ही आत जाऊ नका."

"वितळवायला वेळ कुठाय, मामा? पाडव्यानंतर दुबईची पार्टी येतेय बघायला. पाडव्याच्या दिवशी फोडून टाकतो. मी स्वतः पहार घेणार. वाळूच्या भरवशावर ठेवलं तर दिवाळी येईल."

मी चेपलेली अंगठी टेबलावर ठेवली. कुठे सापडली ते सांगितलं. त्याने ती उचलली, आपल्या बोटातल्या अंगठीशेजारी धरली, आतलं नाव वाचलं. क्षणभर चेहरा उतरला. मग तो खुर्चीत मागे रेलून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

"मामा! सराफ बाजारातून डुप्लिकेट करवून घेतलीत? आणि वर चेपवून? अहो, केवढी मेहनत!"

"मी चेष्टा करत नाही."

"तुम्ही कधीच करत नाही. मी 'बॅकअप' म्हटलं तेव्हा महिनाभर मला हिमालयाचे राजे म्हणत होतात, तेव्हाही गंभीरच होतात."

"स्वराजराव, हात जोडतो."

"बघा! हे तर फर्स्ट क्लास जमलं," तो म्हणाला आणि खरोखर टाळी वाजवली.

पाडव्याच्या दिवशी मी लवकरच्या बसने गेलो. स्वराज यायचा होता. चार नंबरचं दार सरकवून आत गेलो. बर्फाची कड दारापासून दोन हातांवर आली होती. वरचा मळ गळून गेला होता आणि समोरचा बर्फ काचेसारखा स्वच्छ होता. मी टॉर्च टेकवला.

आत, हातभर खोल, एक माणूस कुशीवर पडलेला होता. पाठ माझ्याकडे. एक हात मागे वळलेला, बोटात काही नाही, फक्त अंगठीचा वळ. त्याच्या मागे आणखी एक जण. त्याने दोन्ही हात पहिल्याच्या काखेखालून घातले होते, पडलेल्याला ओढताना घालतात तसे. त्याचा चेहरा बर्फाच्या पांढऱ्या भागात होता, दिसला नाही. अंगातला स्वेटर दिसला. बिनबाह्यांचा, खांद्यापाशी टाका चुकलेला. तो टाका चुकला तेव्हा माझी बायको विणता विणता टीव्ही बघत होती, आणि उसवायला मी तिला नको म्हटलं होतं.

मी बाहेर येऊन अंगातला स्वेटर काढला आणि कोपऱ्यात फेकला. माझ्या बुद्धीची मजल इतकीच.

मग खुर्चीत बसून विचार केला. आत दोघं एकत्र होते. एकाच्या काखेत दुसऱ्याचे हात. म्हणजे जे व्हायचं ते दोघांचं मिळूनच व्हायचं. मी आत गेलोच नाही, तर ते चित्र पुरं होणार नाही. आणि पुरं झालं नाही, तर स्वराजही त्यात असू शकत नाही. काही झालं तरी त्या दारातून आत पाऊल टाकायचं नाही. जावयाला वाचवायचा मार्ग हाच, की त्याला वाचवायला जायचं नाही. फार सोयीचा तर्क होता. सोयीच्या तर्काचा वास मला ओळखता येतो, नोकरीत तोच रोजचा होता.

६

प्रतिभा दुपारी पुरणपोळ्यांचा डबा घेऊन आली. शेडच्या दारावर स्वराजने गुढी उभारली होती. आतून पहारीचे घाव ऐकू येत होते. पहिल्या घावांनीच कड तडकून पांढरी झाली असावी, कारण कुणाला आत काही दिसलं नव्हतं. स्वराज आणि वाळू सकाळपासून बर्फ फोडत होते आणि स्वराज मधूनमधून आरोळी ठोकत होता, "मामा, तुमचा हिमालय हलतोय बरं का!"

"तुम्ही त्यांना जाऊ दिलंत?" प्रतिभा म्हणाली.

"वाळू आहे बरोबर."

मग एक आवाज झाला. मोठा नव्हता. सुकलेलं लाकूड उन्हात तडकतं तसा. त्यामागून ते कपाट ओढल्यासारखं, पण या वेळी ते थांबलं नाही.

वाळू धावत बाहेर आला. कपाळावरून रक्त येत होतं. "सायेब खाली सापडले! बर्फ सरकला!" तो म्हणाला आणि दारातच बसला. अक्काबाईने त्याचं डोकं पदराने दाबून धरलं.

"मामा!" आतून स्वराजची हाक आली. हसू नव्हतं त्यात. "मामा, पाय!"

मी दारात उभा होतो. पाऊल उंबऱ्याच्या अलीकडे. तर्क अजून जागेवर होता. हललास तर दोघं जातील, नाही हललास तर चित्र पुरं होणार नाही.

"नाना, जा ना!" प्रतिभा म्हणाली. मी हललो नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. तसं तिने माझ्याकडे पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. मी लोकांकडे पाहतो, तसं पाहिलं. मग डबा खाली टाकून ती स्वतः आत निघाली.

मी दंड धरून तिला मागे खेचलं, अक्काबाईच्या अंगावर लोटलं आणि आत गेलो.

आत पांढरी धूळ होती. स्वराजचा पाय बर्फाच्या एका लादीखाली होता. मागून बर्फ येत होता. तो येताना दिसत नव्हता. पण प्रत्येक वेळी पाहावं तर जवळ असायचा. मी पहारीने लादी उचकटली. मग त्याच्या मागे गेलो, वाकलो आणि दोन्ही हात त्याच्या काखेखालून घातले. हातांना ती पकड आधीपासून माहीत होती. मी ओढलं. तो किंचाळला, पाय सुटला, मी आणखी ओढलं. एवढ्या वजनाचा माणूस इतके दिवस केबिनमध्ये काय करत होता कोण जाणे. दारात प्रतिभाने त्याचा खांदा धरला आणि आम्ही तिघं उन्हात येऊन पडलो.

तो जिवंत होता. प्रतिभा त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवत होती आणि तो म्हणत होता, "काही नाही गं, फ्रॅक्चर आहे फक्त." दोघं रडत होते. माझ्या अंगठ्याचं नख निघालं होतं. मी उठून दार बंद करायला गेलो.

बर्फाची कड उंबऱ्याला टेकली होती. दुपारचं ऊन तिरपं आत पडलं होतं, टॉर्चची गरज नव्हती. आत एकच जण होता. त्याचे हात पुढे पसरलेले होते आणि त्या हातांत काही नव्हतं. माणसाच्या आकाराची एक पोकळी होती. चेहरा आता पांढऱ्या भागातून पुढे आला होता. मी तो ओळखला आणि दार सरकवून कुलूप लावलं.

स्वराजचा पाय प्लास्टरमध्ये आहे. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगतो की मामांनी जिवावर उदार होऊन मला ओढून काढलं. तो मला हल्ली बाबा म्हणतो. हे ऐकून घेणं ही वेगळी शिक्षा आहे. चार नंबर कायमचा बंद. दुबईची पार्टी आलीच नाही. मी पिंपळगावला जात नाही.

काल दुपारी प्रतिभा घरी आली होती. वैशाखाचं ऊन, पंखा गरम हवा ढकलत होता, रस्त्यावर डांबर मऊ झालं होतं. तिने चहा केला. मी लांब बाह्यांचा शर्ट आणि त्यावर शाल घेऊन बसलो होतो, तर ती हसली. "नाना, बरं आहे ना? घामाचा थेंब नाही तुम्हाला."

"बरं आहे," मी म्हटलं.

कप देताना तिची बोटं माझ्या बोटांना लागली. तिने हात झटकन मागे घेतला, चटका बसावा तसा. बशीत चहा सांडला. मग तिने आपला तळवा उलटा करून पाहिला. बोटांच्या टोकांची कातडी पांढरी पडली होती.